हुंकाराची जागा

४ मार्च, सोमवार

ही वही खरं तर मापांची. पहिल्या चार पानांवर गिऱ्हाइकांच्या छात्या नि कंबरा आहेत, पाचव्या पानापासून मी सुरू होतो. सदुसष्टाव्या वर्षी दैनंदिनी लिहायला घेणं म्हणजे म्हातारचळच. पण दवाखान्यातून आल्यापासून हाताला काम लागत नाही. एकाच पँटची शिवण दोनदा तिरकी गेली, दोनदा उसवली. म्हणून पेन्सिल घेतली.

आक्काच्या घशात जे वाढलंय ते काढावं लागणार, आणि त्याच्याबरोबर स्वरयंत्रही. शस्त्रक्रिया वीस तारखेला. डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. "जिवाची मला फारशी काळजी वाटत नाही. आवाज मात्र जाईल. पुढे यंत्र लावून बोलता येतं, पण तो आवाज तुमचा नसेल."

आक्का म्हणाली, "आणि शिट्टी?"

"म्हणजे?"

"शिट्टी वाजवता येईल का?"

"नाही."

"मग कठीण आहे. नातीला शिकवायला घेतलीय, पोरीला अजून फुर्रर्र एवढंच जमतं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आमची आक्का शहात्तर वर्षांची आहे, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि तिच्यापुढे भल्याभल्यांची मापं चुकतात.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. भाची म्हणजे आक्काची एकुलती एक लेक, राहते दोन दिवसांच्या प्रवासावर. नेमका आत्ताच पाय मोडून घेतलाय, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. येता येत नाही म्हणून आधी रडली, मग नेहमीसारखी हुकूम सोडू लागली. "मामा, आईच्या सगळ्या गोष्टी रेकॉर्ड कर. तिच्या आवाजात. मिरीसाठी. उद्या मिरीला मुलं होतील, त्यांच्यासाठी."

"अगं, मिरी पाच वर्षांची आहे."

"मामा!"

मिरी हे नातीचं घरातलं नाव. मिरीएवढीच आणि तेवढीच झणझणीत.

मी म्हटलं, मला एकच यंत्र कळतं आणि ते पायानं चालतं. पण नाही म्हणवेना. गोष्टी तरी कुठल्या, राजाराणीच्या नाहीत. वडिलांच्या शिवणाच्या दुकानात घडलेल्या, आता माझ्याकडे असलेल्या याच दुकानात. आक्कानं बोटांवर मोजल्या. नऊ झाल्या. दहावं बोट धरून ती म्हणाली, "एक अजून आहे, बटण. ती तुला सांगितलेली नाही. ती शेवटी."

बटण म्हणजे मी. लहानपणी बटणं गिळायचो, म्हणून पडलं असावं.

६ मार्च, बुधवार

समोरच्या गल्लीत लाउडस्पीकर भाड्यानं देणारा आहे, त्याला सगळे भोंगेवाला म्हणतात. स्वतः मात्र कुजबुजल्यासारखा बोलतो. त्यानं मला हातात मावेल एवढं रेकॉर्डिंगचं यंत्र दिलं, एक माईक दिला, आणि आमचं घर पाहून नाक मुरडलं. "मास्तर, इथे आवाज घुमतोय. भांडी, फरशी, खिडकी. जमायचं नाही."

मग दुकानात आला आणि कपडे घालून बघायच्या खोलीत शिरला. तीन बाजूंना कापडाचे तागे, चौथ्या बाजूला जाड पडदा, वर टांगलेले कोट. त्यानं एक टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी विझली. "अहो, हा तर स्टुडिओ आहे!" एवढ्या वर्षांत या खोलीचं कुणी कौतुक केलं नव्हतं. मला उगाच बरं वाटलं.

जाताना त्यानं बजावलं, "एक लक्षात ठेवा मास्तर. यंत्र चालू असताना तुम्ही चकार शब्द काढायचा नाही. खोकला नाही, खाकरणं नाही, हं नाही की हूं नाही. आवाज फक्त आक्कांचा. एकदा मिसळला की मीठ पाण्यात गेलं म्हणून समजा."

मी कानाला खडा लावला.

७ मार्च, गुरुवार

आज पहिली गोष्ट. दोन डाव्या बाह्यांचा कोट. ही आक्कानं मला किमान पाचशे वेळा सांगितली असेल. मी स्टूल दिलं, माईक तोंडासमोर धरला, ओठ आत ओढून घेतले.

"एकदा काय झालं, वडिलांकडे एकाच दिवशी दोन कोट शिवायला आले." आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

मी हातानं 'पुढे' अशी खूण केली.

"दोन्ही एकाच रंगाचे. गडद निळे." थांबली. बघत राहिली.

मी जोरात खूण केली. ती म्हणाली, "काय झालं? माशी आहे का?"

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. एक वाक्य, मग खड्डा, मग एक वाक्य. चौथ्या वाक्याला म्हणाली, "कुठे होते रे मी?" चार वेळा केलं. वीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये गोष्ट जेमतेम तीन मिनिटं, बाकी तागे ऐकू येतात.

लिहायला नको वाटतं, पण ही वही कोण वाचणार? मला भीती वाटतेय की आक्काचा आवाज वीस तारखेला जाईल आणि आठवण आधीच निघाली आहे. जी बाई गिऱ्हाइकाच्या सासऱ्याचा कंबरेचा आकडा सांगायची, ती स्वतःच्या बापाच्या गोष्टीत दोन वाक्यांत हरवते. आज जेवण गेलं नाही.

९ मार्च, शनिवार

भाचीला आडून विचारलं, आईचं विसरणं वाढलंय का. म्हणाली, "आईचं? मामा, परवा तिनं मला माझ्या सहावीतल्या मार्कांवरून टोमणा मारला. तुझंच काहीतरी बिघडलंय."

मग रोजच्याप्रमाणे मिरीनं फोन ओढून घेतला. "आजी, कोटाची सांग." आणि आक्का सुरू झाली. काय सांगू, धबधबा. मी पडद्याच्या या बाजूला काज करत बसलो होतो. एका गठ्ठ्यात ठेवलेल्या चार बाह्या, नवऱ्यामुलाच्या कोटाला लागलेल्या दोन्ही डाव्या, बँकेच्या मॅनेजरच्या कोटाला दोन्ही उजव्या. लग्नात नवरामुलगा उजवं कोपर मागे वळवून उभा, अभिनंदन करायला आलेला मॅनेजर डावं कोपर. हस्तांदोलन जमेना, दोघे नुसत्या माना डोलावताहेत. मागच्या खुर्चीत बसलेल्या वडिलांना घाम. मग त्यांनी दोघांना पडद्यामागे नेलं आणि बाहेरची वाजंत्री थांबायच्या आत कच्च्या टाक्यांवर बाह्या बदलून टाकल्या. तेव्हापासून आमच्या घरात कुणी परीक्षेला, प्रवासाला निघालं की 'सांभाळून जा' म्हणत नाहीत. 'बाह्या बघ' म्हणतात.

मिरी पलीकडून प्रत्येक वाक्याला "हं", "हं", करत होती, एकदा तर "हंऽऽ?" असं लांबवून. एकदाही आक्का अडली नाही.

म्हणजे आठवण शाबूत आहे. मग अडतं कुठे? बहुधा माईकची भीती. फोनची सवय आहे, माईकची नाही. यावर उपाय सुचला आहे.

१० मार्च, रविवार

उपाय असा. दुकानातला जुना बंद पडलेला फोन आक्काच्या हातात दिला. म्हटलं, हा कानाला लाव, म्हणजे फोनवर बोलतेयस असं वाटेल, आणि माईक मी बाजूनं धरतो.

तिनं तो कानाला लावला. "पलीकडे कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग मी काय खुळी आहे?"

एवढं बोलून फोन माझ्या मांडीवर ठेवला. मी हताश झालो. यंत्र चालू ठेवलं तसंच आणि एक शर्ट घेऊन बटणं लावत बसलो, आठ शर्ट आज द्यायचे होते. आक्का बसल्या बसल्या टेप गिळलेल्या बकरीचं काहीतरी बोलू लागली. मी ऐकत होतो, बटणं लावत होतो. सहावं बटण होईपर्यंत बकरीची साठ इंची टेप गिळून झाली होती, वडील तिच्या तोंडातून निघालेलं टोक धरून 'अठ्ठावीस, एकोणतीस' वाचत होते, आणि मी हसून हसून सुई बोटात खुपसून घेतली. गोष्ट पूर्ण! एकही खड्डा नाही!

आनंदानं रेकॉर्डिंग ऐकलं आणि डोक्याला हात लावला. त्यात आक्का आहेच, पण जागोजागी एक बुवा आहे. "हं." "हं." "हं?" "हंहं." माझा घसा. मी एवढ्या वेळा हं म्हणतो हे मला माहीतच नव्हतं.

आक्काला म्हटलं, "सगळं वाया गेलं. भोंगेवाला मारेल मला."

"वाया कसलं? तू चार दिवस तोंडाला कुलूप लावून बसलास म्हणून अडलं सगळं. हुंकार नको का? हुंकाराशिवाय गोष्ट म्हणजे भिंतीशी बोलणं."

"आधी सांगायचं ना मग!"

"मला वाटलं तुझं काहीतरी दुखतंय."

१२ मार्च, मंगळवार

कालपासून सात गोष्टी झाल्या. खिशात सापडलेलं पत्र, उंच न्यायाधीश आणि बुटका भाऊ, इस्त्रीनं जळालेला झेंडा, सगळ्या. मी हं म्हणतो, आक्का सांगते. कोटाचीही पुन्हा करून घेतली. आजूबाजूला लोकांचे कोट टांगलेले, मध्ये आम्ही दोघं गुडघ्याला गुडघा लावून. दोन गिऱ्हाइकं बाहेर ताटकळत होती आणि पडद्याआडून हसू ऐकून त्यांना काय वाटलं देव जाणे.

खरं सांगायचं तर या आठवड्यात मी सुखात आहे. असं लिहिताना लाज वाटते, पण आहे.

नऊ पूर्ण. दहावी वीस तारखेच्या आदल्या दिवशी, असं तिनं ठरवलंय. तिचं ठरलं म्हणजे ठरलं.

१३ मार्च, बुधवार

दवाखान्यातून फोन. शुक्रवारची एक शस्त्रक्रिया पुढे गेली, आक्काची आधी घेतो, उद्या सकाळी भरती व्हा. थांबण्यापेक्षा बरं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी यंत्र काढलं. "आक्का, दहावी. आत्ता."

ती पिशवी भरत होती. "घाईत सांगायची नाही ती."

"मग कधी?"

"राहू दे. नऊ काय थोड्या झाल्या?" आणि मिरीला फोन लावला. शेवटचं बोलणं म्हणून काहीतरी मोठं बोलेल असं मला वाटलं. "दात घासलेस का? दाखव बरं. फोनवर दिसत नाही तर वास तरी दे." हे बोलली. मग शिट्टी वाजवून दाखवली, लांबलचक.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी चाकाच्या खाटेवरून नेताना डॉक्टरीणबाई तिच्यावर वाकल्या, "काही सांगायचंय आजी?"

आक्का म्हणाली, "बाह्या बघा हं."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही, त्यांनी नर्सला हळूच विचारलं, भूल आधीच दिली का. मी भिंतीकडे तोंड करून हसत होतो, आणि मग हसत नव्हतो.

साडेसहा तास. सगळं नीट झालं. बाह्या जागच्या जागी आहेत.

१७ मार्च, रविवार

गळ्याला पुढे भोक आहे, श्वास तिथूनच. नर्स म्हणाली, त्यावर सैल सुती झाकण लागतं, बाजारातलं टोचतं. मी बाकावर बसूनच माप घेतलं आणि घरून सात शिवून आणली. सात वारांची सात रंगांची, मागे एकेक बटण. आत अर्धा इंच कापड जास्त सोडलंय, सूज उतरेल तसं कमीजास्त करता येईल. आक्कानं निळं निवडलं.

हाक मारता येत नाही म्हणून माझं अंगुस्तान तिच्या बोटात घालून दिलं. सुई टोचू नये म्हणून आम्ही बोटात घालतो ती पितळी टोपी. खाटेच्या दांडीवर टक केलं की मी हजर. दिवसभरात चाळीसदा टक केलं. त्यातली तीस उगाच.

१९ मार्च, मंगळवार

भोंगेवाल्याकडे बसून गोष्टी साफ केल्या. त्याच्या पडद्यावर आवाज शिवणीसारखा दिसतो, आक्काचे मोठे टाके आणि मध्येमध्ये माझे बारके. तो माझा एकेक हं धरून कापायचा आणि दोन्ही कडा जोडून टाकायचा. एकंदर दोनशे बारा निघाले. त्यालाही हसू आवरेना. "मास्तर, तुमच्या एवढ्या हं मध्ये एक अख्खं लग्न लागलं असतं."

मी म्हटलं, सगळे काढ, एकही नको. पोरीला आजीचा आवाज हवाय, मामाआजोबाचं घोड्यासारखं फुरफुरणं कशाला? शेवटी ऐकलं. नऊ गोष्टी, एका दमात, कुठे सुरकुती नाही. चांगल्या इस्त्रीसारखं काम. त्याला रविवारच्या कार्यक्रमाला यंत्र हवं होतं म्हणून मी माझ्या हातानं त्यातलं सगळं पुसून परत केलं.

२२ मार्च, शुक्रवार

गोष्टी भाचीला पाठवल्या. ती रडली, म्हणाली फार छान झालंय मामा. पण 'छान' म्हणताना मध्ये जरा थांबली. मी शिंपी आहे, गिऱ्हाईक 'छान' म्हणून काखेत हात घालून बघतं, ते मला कळतं.

"मिरीनं ऐकल्या?"

"ऐकल्या ना. म्हणजे, ऐकतेय. दोन मिनिटं बसली, मग उठून गेली. लहान आहे, मामा."

मनाला लागलं. फोनवर तासभर बसते पोर आणि यावर दोन मिनिटं? आजकालच्या मुलांना धीर नाही, दुसरं काय.

२६ मार्च, मंगळवार

आक्का घरी आली! चालते, पातळ गिळते, पाटीवर लिहून माझी खरडपट्टी काढते. खिडक्या पुसल्या नाहीत हे पहिलं वाक्य.

दुपारी मोठ्या कौतुकानं तिला कोटाची गोष्ट ऐकवली. तिनं डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात उघडले. टक. बंद कर.

पाटीवर लिहिलं, "तू कुठायस?"

"काढलं मला. साफ केलं सगळं."

"कुणाला विचारून?"

ती पुसून पुन्हा लिहायला लागली, खडू मोडेपर्यंत. "ही कोण बाई एकटीच बडबडतेय? दम तरी घेते का? वेड लागलेली वाटते."

मी म्हटलं, आक्का, मी तुझ्या आवाजासाठी केलं. तिनं पाटी उलटी ठेवली. म्हणजे बोलणं बंद. माणूस बोलत नसताना बोलणं बंद करतो तेव्हा फार जोरात कळतं.

संध्याकाळी फोनवर मिरीनं मला विचारलं, "मामाआजोबा, आजीच्या गोष्टीत आजी थांबतच नाही. मी हं कधी म्हणू?"

"म्हण की मध्येच."

"मी म्हणते तोवर ती पुढे जाते. मला ती जागाच देत नाही."

फोन ठेवला आणि कापायच्या टेबलापाशी जाऊन बसलो. शेजारी शाळेच्या गणवेशांचा ढीग. प्रत्येकाच्या आत दोन बोटं कापड सोडलेलं, पोरं वाढतात म्हणून. पन्नास वर्षं हेच करतोय. आतलं कापड सोडत नाही तो शिंपी नव्हे, हे वडिलांचं वाक्य मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. आणि ज्या एका गोष्टीत पोर वाढणार होती, तीच मी अंगाबरोबर कापली, वर पुन्हा मूळ कापड स्वतःच्या हातानं फेकून दिलं. माझ्यासारखा गाढव मीच.

२७ मार्च, बुधवार

भोंगेवाल्याच्या दुकानाला कुलूप. परगावी कार्यक्रम, शुक्रवारी येणार. फोन लागत नाही. आक्काला काही सांगितलेलं नाही. ती आज बोलतेय, म्हणजे लिहितेय, पण फक्त कामापुरतं. "मीठ कमी." "डबा धू."

२९ मार्च, शुक्रवार

तो कुलूप उघडत होता तेव्हा मी मागे उभा. सगळं एका श्वासात सांगितलं. मी पुसलं, यंत्रातलं पुसलं, आता काही होईल का.

त्यानं शांतपणे दिवा लावला, पंखा लावला, खुर्ची पुसली. मला वाटलं आता याचा गळा धरावा. मग म्हणाला, "मास्तर, तुम्ही गिऱ्हाइकाच्या कापडावर थेट कात्री चालवता?"

"नाही. आधी कागदावर."

"मग? मी पण कागदावरच कापलं. मूळ ताग्याला हात लावलेला नाही, तो माझ्याकडे वेगळा ठेवलाय." आणि हळूच, "शिवाय खरं सांगू का, साफ केल्यावर मलाच ते ऐकवेना. पण तुम्ही एवढे खूश होता."

त्या कुजबुज्या माणसाला मी भर दुकानात मिठी मारली. छाती चौतीस, फारच बारीक आहे.

दोनशे बारा हं परत आले. जिथल्या तिथे. संध्याकाळी आक्काला ऐकवलं. बकरी टेप गिळत होती आणि मध्ये माझा घसा हंहं करत होता. आक्का हसली. आवाज नाही, नुसते खांदे हलतात आणि गळ्याचं निळं कापड उडतं. मग तिनं पाटी मागितली आणि बोटानं या वहीकडे खूण केली. ही वही. मी लपवणार तेवढ्यात तिनं लिहिलं, "तुझं काही वाचत नाही. मागची कोरी पानं दे. दहावी लिहिते."

३१ मार्च, रविवार

दोन दिवस वही तिच्याकडेच होती. हा मजकूर चिठ्ठीवर लिहून मग इथे चिकटवला आहे. ती मागच्या बाजूनं लिहिते, मी जवळ गेलो की हातानं झाकते, शाळेत झाकतात तशी.

मिरीकडून बातमी. ती आता रोज एक गोष्ट पूर्ण ऐकते. भाची म्हणाली, "तुझ्या आधी हं म्हणायची शर्यत लावलीय. कालपर्यंत तू जिंकत होतास."

१ एप्रिल, सोमवार

आज दहावी. कपडे घालून बघायच्या खोलीत, तशीच, गुडघ्याला गुडघा. भोंगेवाल्याकडून पुन्हा आणलेलं यंत्र चालू. फोनही चालू, पलीकडे मिरी आणि भाची. आक्कानं वही माझ्या हातात दिली आणि 'वाच' अशी खूण केली.

मी वाचू लागलो, भराभर, वाचायची सवय नाही. टक! तिनं पाटी वर धरली. "थांबत जा. मला हं म्हणू दे."

मग मी पहिल्यापासून वाचलं. एक वाक्य माझं, एक टक तिचं, स्टुलाच्या दांडीवर.

"एक होता मुलगा." टक. "तो तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली." टक. "आणि त्यानं बोलणं सोडलं."

इथे मी वर पाहिलं. मी उशिरा बोललो एवढंच मला घरात सांगितलेलं. आक्कानं डोळ्यांनी वहीकडे दाखवलं.

मिरी फोनवरून म्हणाली, "ते टक टक कोण करतंय?"

"तुझी आजी. हं म्हणतेय."

"अच्छा," असं म्हणून तिनं पलीकडे कशावर तरी टक केलं.

"दिवसभर तो वडिलांच्या टेबलाखाली बसायचा. ओठांना बटण लावल्यासारखा. लोक म्हणायचे, मुका आहे. त्याला एक बहीण होती, बारा वर्षांची. तिला गोष्टी येत नव्हत्या. मग दुकानात जे घडायचं तेच ती टेबलाखाली जाऊन त्याला सांगायची. प्रत्येक वाक्याला थांबायची, तो हं म्हणेल म्हणून. तो म्हणायचा नाही. मग त्याच्या वतीनं तीच हं म्हणायची आणि पुढे जायची. असं वर्षभर चाललं."

टक सगळीकडून येत होतं. इकडून एक, फोनमधून एक.

"एक दिवस ती दोन कोटांची गोष्ट सांगत होती. वडिलांनी बघितलं तर काय, दुसरी बाहीही डावीच! एवढं बोलून ती थांबली. त्या दिवशी तिला फार दमायला झालं होतं. त्याच्या वाटचा हं तिनं म्हटलाच नाही, नुसती गप्प बसून राहिली. वर वडिलांची कात्री चालली होती, तीही थांबली. आणि मग त्या मुलानं तोंड उघडलं."

टक आलं नाही. आक्का माझ्याकडे बघत होती, त्या पहिल्या दिवशी बघत होती अगदी तशी, आणि मी त्या दिवशी वहीत काय लिहिलं होतं ते आठवून मला वर बघवेना. पुढचं वाक्य समोर होतं, तीन शब्दांचं, तिच्या मोठ्या गोल अक्षरात. 'तो म्हणाला, हं.' मी त्याखाली बोट धरून तसाच बसलो. खोलीत तागे, कोट, आम्ही दोघं, आणि सगळं थांबलेलं. यंत्राचा लाल दिवा तेवढा चालू.

फोनमधून मिरी म्हणाली, "हं."

मग जरा वाट पाहून म्हणाली, "पुढे?"